पावणेदोन हात

वजनकाट्यावर पाऊल ठेवण्याआधी माणूस जेवढा निरिच्छ होतो, तेवढा देवळाच्या पायरीवरही होत नाही. चपला तर जातातच, पण त्यांच्यामागोमाग पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, घड्याळ, कमरेचा पट्टा असं एकेक ऐहिक ओझं माझ्या टेबलावर जमायला लागतं. एका निवृत्त मास्तरांनी तर चष्माही काढून ठेवला आणि मग आकडा दिसेना म्हणून मलाच वाचायला लावला. बायकांची तऱ्हा वेगळी. त्या काही काढून ठेवत नाहीत, थेट वजावट मागतात. "साडीचं एक किलो धरा हं डॉक्टर, आणि आत्ताच पाणी प्यायलेय." मार्केट यार्डात पोत्यामागे कडता कापतात, तसा हा कडता. मी तो निमूट देतो. लोकांशी भांडून कोणाचं वजन उतरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

यात काट्याचाही दोष आहेच. आमच्या पिढीची वजनाशी पहिली ओळख झाली ती रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर. लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे, चकती गरगर फिरायची, नाणं टाकलं की खट्‌कन जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आपण किती उदार, किती कर्तबगार, लवकरच कुठून धनलाभ, हे सगळं तिथे छापलेलं असे. वजनाची बाजू आम्ही कधी फारशी वाचली नाही. वजनाच्या मागच्या बाजूला भविष्य असतं हे मात्र ते यंत्र बरोबर ओळखून होतं. मजकूर तेवढा चुकीचा छापत होतं.

नुसत्या वजनाला तसा अर्थ नाही. साडेसहा फुटी माणसाचे ऐंशी किलो आणि पाच फुटी माणसाचे ऐंशी किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांच्याकडून आलेलं. केतले डॉक्टर नव्हते. ब्रुसेल्सची वेधशाळा उभी करणारे खगोलशास्त्रज्ञ होते, आणि आकाशातली मोजमापं करता करता त्यांना पृथ्वीवरचा 'सरासरी माणूस' शोधायचा नाद लागला. १८३५ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराचे आकडे घेऊनही हे गृहस्थ बसले होते. लठ्ठपणावर औषध देणं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९७२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गणिताला 'बॉडी मास इंडेक्स' असं नाव दिलं आणि ताऱ्यांकडून निघालेला हा भागाकार बीएमआय होऊन आमच्या टेबलावर येऊन बसला.

बीएमआय वाईट नाही. फुकट आहे, झटकन होतो. पण त्याला माणूस आतून दिसत नाही. आमच्या गावच्या तालमीतला एक पैलवान उंचीने १७० सेंटिमीटर, वजनाने ८५ किलो. बीएमआय २९ च्या वर. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे तो कागदावर लठ्ठ. त्याच्या मागे रांगेत त्याच्याच उंचीचे, ६४ किलोचे एक हेडक्लार्क बसलेले. हातापायांच्या काड्या आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांमधून डोकावणारं बनियन. त्यांचा बीएमआय २२. कागद म्हणतो, उत्तम. पैलवान घरी गेला. हेडक्लार्कांच्या रक्तातली साखर पाहून मला त्यांना थांबवून घ्यावं लागलं.

हा तिढा ज्यांनी जगाला सगळ्यात मजेत समजावून सांगितला ते पुण्याचे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. फोटोखालच्या चार ओळींत खुलासाही होता. एकजण जमेल तेव्हा मॅरेथॉन धावतात आणि दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टची दारं मिटायच्या आत पळत जाऊन ती गाठणं. एवढ्या प्रतिष्ठित ठिकाणी स्वतःची चरबी दशांश चिन्हासह छापायला मन मोठं लागतं. आमच्याकडे लोक ती सिस्टरलाही सांगत नाहीत.

याज्ञिकांच्या गटाने हे कोडं आणखी मागे, पार पाळण्यापर्यंत नेलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं त्यांनी मोजली. सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांचं सगळंच त्या प्रमाणात कमी असायला हवं होतं. स्नायू कमी होते, पोटाचा घेर तर फारच कमी होता, पण खांद्याच्या पात्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरून पाहिली तर तिथली चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. थोडक्यात, आपण जन्मतःच किडकिडीत दिसतो आणि आत साठा राखून असतो. त्यातून आजी म्हणते, पोरानं अजून अंग धरलं नाही, तूप वाढा.

साठा कुठे आहे याला महत्त्व आहे, हे १९४७ साली मार्सेच्या डॉ. जाँ व्हाग यांनी मांडलं होतं. मांड्या-नितंबांवर बसलेली चरबी बरीचशी निरुपद्रवी. पोटात, आतड्यांच्या भोवती साठलेली चरबी उपद्रवी. तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्लं तडक यकृताकडे जातात आणि मग साखर, रक्तदाब, हृदय अशी एकेक दारं ठोठावली जातात. ही आतली चरबी नेमकी मोजायची तर सीटी स्कॅन लागतं. नाहीतर मग लागते एक टेप.

टेप लावणं हे काट्यासारखं एकतर्फी काम नाही. काटा आपल्या जागी थंड पडलेला असतो. टेपला दोन माणसं लागतात, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या पोटाभोवती हात घालावे लागतात. पद्धत पुस्तकात सोपी आहे. बोटाने चाचपत शेवटची बरगडी शोधायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप गुंडाळायची. ती जमिनीला समांतर हवी, पाठीमागेसुद्धा. कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. पेशंटचे पाय जवळ, हात बाजूला सैल. आणि सहज श्वास सोडून झाला की त्या क्षणी आकडा वाचायचा. अमेरिकेत काही ठिकाणी टेप कमरेच्या हाडाच्या अगदी वर लावतात. त्यामुळे एकाच माणसाची कंबर दोन पुस्तकांत दोन भरते. कोणतंही एक पुस्तक धरावं आणि सोडू नये.

पहिली अडचण येते ती शिंप्यामुळे. पोट सुटलेल्या पुरुषाला कंबर विचारली की तो ताठ मानेने सांगतो, "चौतीस. कॉलेजपासून चौतीसच आहे." मी टेप लावतो तर १०२ सेंटिमीटर, म्हणजे चाळीस इंच. खोटं कोणीच बोलत नसतं. शिंपी विचारतो, "पँट कुठे घालता?" आणि गिऱ्हाईक दाखवतं तिथे माप घेतो. पोट जसजसं वाढतं तसतशी पँट खाली सरकते. चौतीस इंच सगळी वर्षं त्या छत्राखाली सुखरूप राहिलेले असतात. रेडिमेड कपड्यांत तर लेबलावरच्या आकड्याचीही खात्री नसते. गिऱ्हाइकाचं मन मोडू नये म्हणून काही कंपन्या कापड वाढवतात आणि आकडा तोच ठेवतात.

दुसरी अडचण श्वासाची, आणि ही खरी. टेपचा गार स्पर्श झाला की माणसाचं पोट आपोआप आत जातं. ठरवून नव्हे. फोटो काढताना, लग्नात व्याही समोर आले की, लिफ्टमध्ये अनोळखी बाई शिरल्या की जे होतं तेच इथे होतं. "पोट सैल सोडा" म्हटलं की चेहरा सैल होतो, पोट नाही. "श्वास सोडा" म्हटलं की आधी भला मोठा घेतात, आणि छाती फुगवून असे उभे राहतात की केतलेसाहेबांना आणखी एक सैनिक मिळावा. मी यावर माझ्यापुरता तोडगा काढला आहे. टेप गुंडाळून झाली की हळूच विचारायचं, "मुलगा काय करतो हो सध्या?" पगार, कंपनी, स्थळं हे सगळं सांगताना पोट आत धरून ठेवणं कोणालाही जमत नाही. मुलगा बंगळूरला पोचेपर्यंत माझा आकडा वाचून झालेला असतो. अविवाहितांना क्रिकेटचं विचारतो.

बायकांचं माप सिस्टर पडद्याआड घेतात, आधी विचारून. हे विचारणं मला टेपच्या अचूकपणाइतकंच मोलाचं वाटतं. आयुष्यभर ज्यांना येताजाता कोणीही "काय गं, सुटलीस!" म्हणू शकतं, त्यांना निदान दवाखान्यात तरी परवानगी मागितली जावी. गंमत म्हणजे आपल्या देशानेही बायकांच्या कमरेला टेप लावायला फार उशीर केला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. या सर्वेक्षणात घरोघरी कंबर आणि नितंब मोजले गेले ते पहिल्यांदा पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये. तोवर फक्त काटा आणि उंची. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बीएमआयच्या हिशेबाने वजनदार निघाल्या. कंबर-नितंबाचं गुणोत्तर पाहिलं तेव्हा धोक्याच्या रेषेपलीकडे ५६.७ टक्के. पुरुष २२.९ टक्क्यांवरून ४७.७ टक्क्यांवर. काट्याने चौघींतल्या एकीकडे बोट दाखवलं होतं. टेपने निम्म्याहून जास्त घरांत नेऊन उभं केलं.

रेषा तरी कुठे आखायची? भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. युरोपीय पुरुषाला ९४ पर्यंत चालतात, आणि मोठ्या धोक्याची घंटा थेट १०२ ला वाजते. यावर एका पेशंटने मला गंभीरपणे सुचवलं होतं की मुलाकडे लंडनला गेलं तर आपोआपच प्रकृती सुधारेल. तसं होत नाही. तिथले डॉक्टरही दक्षिण आशियाई माणसाला त्याच्या वेगळ्या, कडक रेषेनेच मोजतात. ती रेषा व्हिसा न लागता आपल्याबरोबर विमानात बसते. जपानने तर २००८ पासून चाळिशी ते चौऱ्याहत्तरीतल्या लोकांची कंबर दरवर्षी मोजायची असा कायदाच केला, आणि तिथे पुरुषाला ८५ आणि बाईला ९० अशी मर्यादा घातली. बाईला पुरुषापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त देणारा दुसरा देश माझ्या पाहण्यात नाही. आमच्या हिला हे सांगितल्यापासून ती जपानच्या सहलींची माहिती काढते आहे.

या सगळ्या आकड्यांच्या भाऊगर्दीत मला भावलेला नियम अगदी साधा आहे. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत तो २०२२ साली आला. पुरुष, बाई, इंग्रज, मराठी सगळ्यांना एकच. याला टेपही लागत नाही. सुतळी घ्यायची, टाचेपासून डोक्यापर्यंत धरून कापायची, दुमडून निम्मी करायची आणि कमरेला गुंडाळायची. टोकाला टोक मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर मधली फट डोळ्यांनी दिसते. ज्यांना सेंटिमीटर कळत नाहीत त्यांनाही फट कळते.

चरकसंहितेत माणसाची उंची ८४ अंगुळं सांगितली आहे, आणि अंगुळं ज्याची त्याने स्वतःच्या बोटांनी मोजायची. मला यातली ही स्वतःच्या बोटांची अट फार आवडते. उंच माणसाची बोटंही जाड असणार, म्हणजे भागाकार आधीच झालेला. चोवीस अंगुळांचा एक हात, तेव्हा ८४ अंगुळांचे साडेतीन हात. आपले लोक देहाला साडेतीन हात म्हणतात तेच हे. मग निम्मं केलं की कंबर पावणेदोन हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात आणि वर त्याचा पाऊण. प्रत्यक्षात बहुतेकांची उंची स्वतःच्या हाताने साडेतीनाहून थोडी जास्त भरते, म्हणून हे माप इंग्रजांच्या नियमापेक्षा पाच-सहा सेंटिमीटरने कडकच आहे. पण आपली चरबी पाहता कडक असलेलंच बरं.

टेपचीही बुद्धी मर्यादित आहे, हे सांगायला हवं. गरोदरपणात तिचा उपयोग नाही. पोटात पाणी झालेल्या यकृताच्या रोग्याला ती लठ्ठ म्हणेल. बीएमआय पस्तिशीच्या पुढे गेला की कंबर मोजून नवीन काही कळत नाही, उगाच माणूस ओशाळतो. आणि २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या तज्ज्ञांच्या एका आयोगाने स्पष्टच सांगितलं की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणाचा शिक्का मारू नका, कमरेसारखं आणखी एखादं माप घ्या आणि त्या चरबीने अवयवांचं काही बिघडवलंय का ते पाहा. हेडक्लार्क आणि पैलवानाच्या रांगेत बसलेल्या कोणालाही हे पटेल.

टेप खरी कामाला येते ती नंतर, महिन्यामागून महिने. त्या हेडक्लार्कांनी चालायला सुरुवात केली, भात कमी केला, संध्याकाळचा वडापाव सोडला. तीन महिन्यांनी काट्यावर चढले तर वजन जेमतेम एक किलोने कमी. चेहरा पडला. "एवढं करून एक किलो, डॉक्टर? मग वडापाव काय वाईट होता?" टेप लावली तर पाच सेंटिमीटर कमी. स्नायू जरा भरले होते, पोट उतरलं होतं, आणि काट्याला या देवघेवीचा पत्ताच नव्हता. मी त्यांना त्यांचाच पट्टा दाखवला. शेवटच्या भोकापाशी चामड्याला जुनी, खोल घडी पडली होती आणि त्याच्या आतल्या भोकापाशी नवी, कोवळी. त्यावर तारखा घातल्या असत्या तर केसपेपरच झाला असता. मात्र मोजणारा हात एकच असावा, टेप एकच असावी, वेळही शक्यतो तीच. रोज मोजू नये. रोज मोजणाऱ्याला कंबर नाही, फक्त स्वतःची चलबिचल मोजता येते. आणि कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणली जाते. ताणलेली टेप आकडा कमी दाखवते, म्हणून ती घरात फार लाडकी असते. अधूनमधून ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहावी.

टेपला एक पर्याय मात्र आपल्या अंगावर पूर्वापार आहे. करगोटा. बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधतात, आणि खेड्यापाड्यांत कित्येक पुरुष तो म्हातारपणापर्यंत ठेवतात. इंग्लंडमध्ये गॅरो नावाच्या डॉक्टरांनी हाच प्रकार औषध म्हणून करून पाहिला होता. अतिलठ्ठ पेशंटचे जबडे तारेने बांधून त्यांना पातळ आहारावर ठेवायचे आणि वजन उतरवायचं, अशी तेव्हा एक पद्धत होती. तारा काढल्या की वजन परत. म्हणून त्यांनी वजन उतरलेल्या पेशंटच्या कमरेला नायलॉनची दोरी बांधली, काढता न येणारी. पोट वाढू लागलं की दोरी काचायची. दोरीवाल्यांचं वजन बिनदोरीवाल्यांपेक्षा पुष्कळ कमी वाढलं. १९८१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलेलं आहे.

हे वाचल्यावर मला राहवेना. आमच्याकडे येणारे एक शेतकरी आजोबा करगोटा घालतात. मी त्यांना म्हटलं, आजोबा, वेगळी टेप कशाला, हा तुमचा दोराच डॉक्टर. आज अंगाला नुसता टेकलाय, तो काचायला लागला की समजायचं, भाकरी कमी. त्यांना ते मनापासून पटलं. दिवाळीनंतर आले तेव्हा कमरेला कोराकरकरीत दोरा होता.

"जुना कुठे गेला, आजोबा?"

"तुटला."

"कशाने?"

"पुरणपोळीने," मागून आजी म्हणाल्या. "मीच नवा बांधला, जरा ऐसपैस. एवढ्या म्हातारपणी काचायला कशाला पाहिजे?"

सिस्टरनी टेप काढली. मी आजोबांना मुलाचं विचारलं.